ऐकवणारा आणि ऐकणारा : घरातील गाणे व समीक्षेची काही गृहीतके

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत बालगीताचा विचार बहुधा दोन निकषांच्या आधारे होत आला आहे. रचनेची शब्दकळा मुलाला समजेल अशी आहे काय, हा एक निकष. आणि रचनेतून बालमनाचा प्रत्यय येतो काय, हा दुसरा. दोन्ही निकषांचे लक्ष संहितेवर खिळलेले असते. ती संहिता कोणत्या घरात, कोणाच्या तोंडून, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कितव्यांदा ऐकली जाते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. परिणामी बालगीताची समीक्षा पुष्कळदा मुलासाठी लिहिलेल्या गीताची समीक्षा होते. मुलाने ऐकलेल्या गीताची होत नाही. या दोहोंत मोठे अंतर आहे.

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कानावर जे संगीत पडते, ते 'बालगीत' या सदरात मावणारे नसते. आजीची भूपाळी, वडिलांनी दाढी करता करता गुणगुणलेले नाट्यपद, कणीक मळताना आईने लावलेले जुने चित्रपटगीत, गल्लीतल्या मांडवातून येणारा ध्वनिक्षेपकाचा आवाज हे सारे त्यात येते. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा ज्या कोटी विवेचनासाठी वापरल्या, त्या मुलाच्या श्रवणात अद्याप अस्तित्वातच आलेल्या नसतात. त्याच्यापर्यंत सर्व काही कोटीविरहित अवस्थेत पोचते. या श्रवणव्यवहारातील एक कृती मात्र वेगळी काढून पाहण्याजोगी आहे. घरातील एखादी प्रौढ व्यक्ती स्वतःचे आवडते गाणे हेतुपूर्वक मुलाला ऐकवते. 'हे ऐक' एवढेच ती म्हणते. ही कृती इतकी साधी आहे, की ती समीक्षेचा विषय होऊ शकते असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि तिच्यामागे तीन गृहीतके उभी असतात. ऐकवणाऱ्याला गाण्याचा अर्थ गवसलेला आहे, ऐकणारा रिता आहे आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना गाणे जसेच्या तसे राहते, ही ती तीन गृहीतके होत. साहित्यविषयक संक्रमणाच्या चर्चेतही हीच गृहीतके अन्य रूपांत वावरत असल्यामुळे त्यांची तपासणी घराच्या उंबरठ्यापुरती मर्यादित राहत नाही.

१

मुलाला ऐकवल्या जाणाऱ्या गाण्याचे मूळ रूप म्हणून अंगाईगीताकडे पाहता येईल. वरवर पाहता त्याचे प्रयोजन एकच दिसते. मूल झोपावे. पण तेवढेच प्रयोजन असते, तर अंगाईतल्या शब्दांना फारसे काम उरले नसते. लय आणि हेल पुरेसे झाले असते. कवी दत्त (दत्तात्रेय कोंडो घाटे, १८७५–१८९९) यांची सुप्रसिद्ध अंगाई या दृष्टीने उद्बोधक आहे. बाळाला निजवण्याचा आर्जव त्या कवितेत ध्रुवपदासारखा परत परत येतो. मधल्या कडव्यांत मात्र दारिद्र्याचे चित्र उलगडत जाते. बाहेरच्या अंधाराला गरिबाच्या मनाची उपमा मिळते. रिकाम्या घरात दाणा शोधणारे उंदीर निराश होतात, आणि तेही आता आप्तांप्रमाणे घर सोडून जातील असे सुचवले जाते. हे बाळाला सांगण्याचे प्रयोजन काय? बाळाला त्यातले काहीही कळणार नाही, हीच ते सांगण्याची अट आहे. ज्याच्यापाशी बोलता येते आणि ज्याच्या न कळण्याची खात्री असते, असा श्रोता आईला दुसरा मिळणार नाही.

अंगाईगीताला अशा रीतीने दोन श्रोते असतात. एक संबोधित, तो मांडीवर असतो. दुसरा असंबोधित, तो गाणाऱ्या व्यक्तीच्या आतच असतो, वा भिंतीपलीकडे असतो. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिआ लोर्का याने १९२८ साली माद्रिदमध्ये दिलेल्या व्याख्यानात स्पेनमधील अंगाईगीतांच्या विषण्णतेकडे लक्ष वेधले होते. अन्य युरोपीय देशांतील अंगाई मुलाला हळुवारपणे निजवू पाहते, तर स्पेनमधील अंगाई मुलाच्या संवेदनेला जखम करते, अशी त्याची मांडणी होती. ही दुःखाची शिदोरी गरीब स्त्रियाच आपल्या मुलांना देतात आणि त्याच दाया व मोलकरणी होऊन ती श्रीमंतांच्या घरांत नेतात, हे त्याचे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. घरातील गाणे पुष्कळदा घराबाहेरून आलेले असते, आणि ते आणणारा हात त्या घरात वेतनावर राबणारा असतो, याची जाणीव त्यातून होते.

मराठी जात्यावरील ओवी याच दुहेरी संबोधनाचा विस्तृत पुरावा पुरवते. गी पॉइटवां आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने गावोगाव संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत मुलगा 'राघू' होऊन येतो, मुलगी 'मैना' होऊन येते. पहाटे दळण चालू असताना जवळ निजलेल्या मुलाच्या कानावर जे पडते, त्यात माहेर असते, सासुरवास असतो, विठ्ठल असतो आणि पोटभर न मिळालेले बोलणेही असते. सुबोधतेच्या निकषावर यांतील फारच थोड्या ओव्या 'बालगीत' ठरतील. पण मराठी भाषेची लय असंख्य मुलांच्या कानात शिरली ती याच वाटेने. 'ऐकवणाऱ्याला अर्थ गवसलेला आहे' हे पहिले गृहीतक येथे डळमळते. गाणारी व्यक्ती अर्थ हस्तांतरित करीत नसते. ती स्वतःसाठी अर्थ शोधत असते, आणि मूल त्या शोधाचे साक्षीदार असते.

२

दुसरे गृहीतक ऐकणाऱ्याच्या रितेपणाचे. मूल म्हणजे मातीचा गोळा, त्याला आकार द्यावा तसा येतो, ही प्रतिमा मराठी संस्कारवादी गद्यात विपुल आढळते. प्रत्यक्ष निरीक्षण वेगळे सांगते. आवडते गाणे मुलाला ऐकवणाऱ्या व्यक्तीला पहिला धक्का बसतो तो मुलाच्या निवडीचा. ज्या आलापासाठी वा ज्या ओळीसाठी ते गाणे वर्षानुवर्षे जपलेले असते, तेथे मूल लक्ष देत नाही. त्याला हवी असते मधली एक तिहाई, सारंगीचा एखादा तुकडा, गायकाने सम गाठण्यापूर्वी घेतलेला श्वास, वा एखादा निरर्थक वाटणारा शब्द. आणि तेवढेच त्याला पुन्हा हवे असते. पुन्हा, आणि पुन्हा.

या 'पुन्हा'चा विचार मानसशास्त्राने साहित्यसमीक्षेच्या आधी केला. फ्रॉइडने १९२० साली सुखतत्त्वापलीकडील प्रेरणांचा विचार करताना नोंदवले, की प्रौढांच्या आनंदाला नावीन्याची अट असते. मूल मात्र तीच गोष्ट त्याच तपशिलांसह मागते आणि सांगणाऱ्याने केलेला बदल दुरुस्त करते. डी. डब्ल्यू. विनिकॉट याने पुढे 'संक्रमणवस्तू'ची संकल्पना मांडताना चिंधी व बाहुली यांच्या जोडीने आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला. झोपी जाण्यापूर्वी मूल आपल्याला येणारी गाणी व सूर एकामागून एक आळवते, तेही त्याने याच मधल्या प्रदेशात समाविष्ट केले. हा प्रदेश पूर्णतः आतला नसतो आणि पूर्णतः बाहेरचाही नसतो. येथे गाणे आईचे असते आणि आईवाचून असण्याचे साधनही असते. दुपट्याचा मळका कोपरा धुतलेला मुलाला चालत नाही. गाण्याची बदललेली चाल त्याला चालत नाही, ती याच कारणाने.

या पुनरावृत्तीला तंत्राचाही इतिहास आहे, आणि समीक्षेने तो ध्यानात घेणे आवश्यक आहे. रेडिओवरील गाणे मागून मिळत नसे. त्याची वाट पाहावी लागे. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई ठेवण्याचा अधिकार मोठ्या माणसांचा. भारतात १९८० च्या दशकात घराघरांत पोचलेल्या कॅसेटने हे चित्र पालटले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ग्रंथात कॅसेटमुळे उत्तर भारतातील संगीतव्यवहाराचे विकेंद्रीकरण कसे झाले याचा शोध घेतला. त्याला एक घरगुती पुरवणी जोडता येईल. फीत मागे फिरवण्याची कळ मुलाच्या बोटाच्या आवाक्यात आली, आणि 'पुन्हा' ही मागणी इतिहासात प्रथमच कोणाचाही घसा न शिणवता पुरी होऊ लागली. त्याबरोबर काही हरवलेही. आई तेच गाणे दहाव्यांदा म्हणते तेव्हा ते पहिल्यासारखे नसते. थकव्याने लय उतरते, मुलाच्या जड झालेल्या पापण्या पाहून आवाज खाली येतो. कॅनडातील सँड्रा ट्रेहब व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार तान्ह्या मुलासमोर गाताना आयांचा सूर चढतो व लय संथावते. एवढेच नव्हे, तर केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या प्रौढांनाही गाताना मूल समोर होते की नाही हे बऱ्याच अंशी ओळखता येते. याचा अर्थ असा, की मुलाचे ऐकणे गाण्याच्या आत उमटते. ज्याच्या असण्याने गायनाचे रूप बदलते, त्या श्रोत्याला रिता कसे म्हणावे? कॅसेटवरील आवाज मुलाला हवे तितके देतो. पण मुलाकडून काही घेत नाही.

बालगीत म्हणून जे मान्यता पावले त्याचीही घडण या संदर्भात पुन्हा तपासता येईल. 'देवबाप्पा' (१९५३) या चित्रपटातील 'नाच रे मोरा' हे गीत ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे, आवाज आशा भोसले यांचा. तिघे प्रौढ कलावंत बालपणाचा एक ध्वनी रचतात, आणि पुढील कित्येक पिढ्यांतील मुले तो आपला म्हणून स्वीकारतात. यात कृत्रिमता शोधणे सोपे आहे. मुलांनी ते गीत नाचून, अडखळून, शब्द गाळून स्वतःचे केले, हे पाहणे अधिक अगत्याचे. ते गीत टिकले त्याचे श्रेय रचनाकारांइतकेच या चुकत गाणाऱ्यांनाही दिले पाहिजे.

३

तिसरे गृहीतक संक्रमणाच्या निर्मळपणाचे. 'आमच्या घरात पहिल्यापासून गाण्याचे वातावरण होते' हे वाक्य मराठी आत्मचरित्रांत इतक्या वेळा भेटते, की ते एक संकेतच बनले आहे. पिएर बोर्द्यू यांनी 'डिस्टिंक्शन' (१९७९) या ग्रंथात दाखवले, की अभिरुचींमध्ये संगीताची अभिरुची वर्गस्थान सर्वांत अचूकपणे उघड करते. घरात नकळत, लहानपणी मुरलेली संस्कृती आणि शाळेत उशिरा, प्रयत्नपूर्वक मिळवलेली संस्कृती यांतला फरकही त्यांनी स्पष्ट केला. पहिल्या प्रकारात संपादनाच्या खुणा पुसल्या जातात, म्हणून ती जन्मजात भासते. 'वातावरण' या शब्दाने नेमके हेच साधते. हवा कोणी विकत घेत नाही, त्याप्रमाणे हे गाणेही कोणी मिळवलेले नव्हते असा आभास त्यातून निर्माण होतो. प्रत्यक्षात त्यामागे रेडिओ संच घेण्याची ऐपत असते, मैफलीला जाण्याची सवड असते, आणि संध्याकाळी कोणाला तरी स्वयंपाकघरात गुंतवून कोणाला तरी मोकळे ठेवणारी श्रमविभागणी असते.

तथापि बोर्द्यूप्रणीत विश्लेषण महाराष्ट्राला लावताना एक दुरुस्ती आवश्यक ठरते. ज्या घरांना 'वातावरण' नव्हते असे मानले गेले, त्या घरांतही मुलांना गाणी ऐकवली जातच होती. फरक एवढाच, की त्यांची नोंद अभिरुची म्हणून झाली नाही. पाळणा या रूपबंधाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. बारशाच्या दिवशी राम-कृष्णांचे पाळणे म्हणण्याची प्रथा जुनी. त्याच रूपबंधात शिवाजीचा पाळणा आला, आणि आंबेडकरी वस्त्यांत बाबासाहेबांचे पाळणे रचले व गायिले गेले. जात्यावरील ओव्यांच्या उपर्युक्त संकलनातही बाबासाहेबांविषयीच्या ओव्या विपुल आहेत. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील भीमगीते वस्तीतील मुलाच्या कानावर ज्या वयात पडतात, त्याच वयात अन्य घरातील मुलाच्या कानावर एखादा ख्याल पडत असतो. दोन्हीकडे अर्थ नंतर येतो, आवाज आधी येतो. पण एका आवाजाला अभिरुचीचा वारसा म्हटले जाते आणि दुसऱ्याला प्रचार. हा भेद संगीताच्या अंगभूत गुणांतून निघत नाही. ऐकवणाऱ्याच्या सामाजिक स्थानातून तो निघतो, आणि समीक्षेने आपली कोटी वापरताना तो पुन्हा पक्का केलेला असतो. अशा घरात 'हे ऐक' म्हणणारी व्यक्ती मुलाला केवळ आवड देत नाही, इतिहासातले एक ठिकाण देते.

४

आतापर्यंतच्या विवेचनात गाणे प्रौढाकडून मुलाकडे जाते हे गृहीत धरले होते. मराठी कुटुंबांनी एकत्र बसून ऐकलेल्या सर्वांत प्रसिद्ध रचनेत मात्र दिशा उलटी आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेले माडगूळकर-फडके यांचे 'गीतरामायण' छप्पन्न गीतांचे आहे. त्याच्या चौकटीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. तेथे गाणारे कुश-लव आहेत आणि ऐकणारा राम आहे. पित्याचे चरित्र पुत्र पित्याला ऐकवतात. ऐकताना पित्याला हे आपले पुत्र आहेत हे ठाऊक नसते. घराघरांतील रेडिओभोवती जमलेल्या पालकांनी मुलांना मांडीवर घेऊन जे ऐकले, त्याचा आरंभच मुलांनी मोठ्यांना ऐकवण्याच्या प्रसंगाने होतो. ही चौकट अर्थातच वाल्मीकीपासून आलेली आहे. पण घरगुती श्रवणाच्या संदर्भात तिला नवा अर्थ प्राप्त होतो. आपले आयुष्य दुसऱ्याच्या कोवळ्या आवाजात ऐकू येते, तेव्हाच ते गाणे म्हणून ऐकू येते.

मुलाला आवडते गाणे ऐकवणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत याहून लहान प्रमाणावर हेच घडते. काही दिवसांनी मूल ते गाणे खेळताना, आंघोळीच्या वेळी, जेवणाचे ताट पुढे असताना म्हणू लागते. शब्द चुकलेले असतात, सूर जवळपासचे असतात, आणि ज्या ओळीसाठी गाणे ऐकवले होते ती गळालेली असते. ऐकवणाऱ्याला ते गाणे प्रथमच बाहेरून ऐकू येते. त्याच्याशी निगडित असलेली महाविद्यालयातील वर्षे, एखादा विरह, वडिलांचा आवाज यांपैकी कशाचाही मागमूस त्या नव्या आवाजात नसतो. यात हानी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. गाण्यावरचा मालकी हक्क संपतो. पण या हानीवाचून गाणे पुढे जाऊ शकत नाही. जे केवळ एका आयुष्याशी बांधलेले आहे, ते त्या आयुष्याबरोबरच संपते. तेव्हा तिसऱ्या गृहीतकाचा व्यत्यास अधिक खरा ठरतो. गाणे बदलते, म्हणूनच ते पोचले असे म्हणता येते.

५

सद्यःस्थितीत हा व्यवहार आणखी एका वळणावर आहे. मुलाच्या हाती मोबाइल संच आहे, आणि त्यावरील यंत्रणा आधीच्या श्रवणाच्या आधारे पुढचे गाणे सुचवते. कॅसेटने 'पुन्हा' सुलभ केले होते. ही यंत्रणा 'यानंतर काय' हेही ठरवते. कानात घातलेल्या साधनांमुळे एकाच खोलीतील चार माणसे चार गाणी ऐकू शकतात. यावर केवळ गतकालविलापी भूमिका घेणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. एकत्र श्रवणाच्या काळी रेडिओची कळ घरातील एकाच पुरुषाच्या हाती असे, आणि त्याला नको असलेले गाणे इतरांनाही ऐकता येत नसे, हे विसरता येत नाही. ज्या घरांतील गाण्यांना रेडिओवर क्वचितच जागा मिळाली, त्यांची गाणी आज त्यांच्या मुलांना सहज मिळतात, हीही वस्तुस्थिती आहे. खरा प्रश्न निवडीच्या विपुलतेचा नाही. यंत्रणा सुचवते तेव्हा सुचवणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. 'हे ऐक' म्हणणारी व्यक्ती मूल ऐकत असताना त्याच्याकडे पाहत असते, नाकारले जाण्याचा धोका पत्करत असते. आणि मूल गाण्याइतकेच त्या पाहण्याला ऐकत असते.

यावरून समीक्षेपुढे काही कामे उभी राहतात. बालगीताची कोटी संहितेवरून ठरवण्याऐवजी श्रवणप्रसंगावरून ठरवली, तर दत्तांची अंगाई, जात्यावरील ओवी, भीमगीत आणि एखादी ठुमरी एकाच अभ्यासक्षेत्रात येतात. सुबोधतेच्या निकषाची जागा पुनरावर्तनक्षमतेचा निकष घेऊ शकतो. दहाव्यांदा ऐकताना रचना काय देते, आणि मूल तिचे काय करते, हा प्रश्न तेव्हा मध्यवर्ती ठरतो. आत्मचरित्रांतील 'वातावरण' या शब्दाआड कोणाचे श्रम आणि कोणाची अनुपस्थिती दडलेली आहे, हे वाचता येते. मुलांच्या चुकीच्या पाठांतरांकडेही पाठभेद म्हणून गांभीर्याने पाहता येते. लोकसाहित्याच्या अभ्यासाने पाठभेदांना जो मान दिला, तो येथे नाकारण्याचे कारण दिसत नाही.

कवी दत्त वयाच्या चोविसाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांचे पुत्र वि. द. घाटे अगदी लहान होते. पुढे याच पुत्राने वडिलांच्या कविता संपादित करून प्रसिद्ध केल्या. झोपलेल्या बाळाला, त्याला कळणार नाही या भरवशावर, जे सांगितले गेले होते, ते महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत पोचवण्याचे काम एका मुलानेच केले. घरात ऐकवलेल्या गाण्याचा ऐकणारा कोण, हे ऐकवण्याच्या क्षणी ठरत नाही, असे म्हणण्यास याहून स्पष्ट आधार मराठी साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.